चॅपेलच्या खिडक्यांसाठी प्रतीकांचा जलरंगी आराखडा: शिसं आधी, रंग नंतर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे जलरंगात बरीच वर्षं काम करतात, पण काचेला कधी हात लावलेला नाही. एका लहान चॅपेलच्या तीन अरुंद खिडक्यांचा आराखडा त्यांच्याकडे आलाय. प्रत्येक खिडकी साधारण ४५ सेंटिमीटर रुंद आणि १८० उंच. पहिल्या खिडकीत देवाचा कोकरा, म्हणजे ख्रिस्ताचं प्रतीक, दुसरीत कबुतराच्या रूपातला पवित्र आत्मा, तिसरीत गव्हाची कणसं आणि द्राक्षं, शिवाय कुठेतरी अल्फा आणि ओमेगा, ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर. समितीला ‘काचेसारखं दिसणारं’ चित्र हवंय. माप काय घ्यावं, शिशाच्या रेषा (काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिसे धातूच्या पट्ट्या) दाखवाव्यात का, काचेचा उजेड कागदावर कसा आणावा, आणि काम झाल्यावर मूळ चित्राचं काय करावं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

शिशाच्या रेषा दाखवायच्याच, आणि त्या आधी काढायच्या. बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं.

हे मी पोळून शिकले. पहिल्याच वर्षी मी एका खिडकीसाठी खाली झेपावणारं कबुतर केलं होतं. ओल्या कागदावर निळा सोडलेला, तो जांभळ्यात विरत गेलेला, मध्ये कागदाचा पांढरा राखून पक्षी. समिती खूश. मग ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्या कारागिरांनी चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे निळं थांबतं कुठं?” मी म्हटलं, थांबत नाही, विरतं. “मग कापू कुठं?” असं म्हणून त्यांनी पेन्सिलीने माझ्या आकाशातून अकरा रेषा मारल्या. त्यातली एक थेट पक्ष्याच्या मानेवरून गेली. खिडकी झाली, वाईटही झाली नाही. पण उद्घाटनाला समितीतल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, चित्रात तर या काळ्या रेघा नव्हत्या? त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना एक दाखवलं होतं आणि दिलं दुसरंच.

आपल्या कामाची खरी अडचण हीच आहे. हा जलरंग एकाच वेळी दोन माणसं वाचतात. समिती त्यात खिडकी कशी दिसेल ते बघते. काच कापणारा ती कशी होईल ते बघतो. जुन्या युरोपात अशा लहान आराखड्याला ‘विदिमुस’ म्हणत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘आम्ही पाहिलं आहे’. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपेलच्या खिडक्यांसाठी १५२६ साली काचकारागिरांशी जे करार झाले, त्यांत हा शब्द येतो. म्हणजे चित्र करारातच धरलेलं. पाहिलं, मान्य केलं, आता असंच करा. तुमचा कागद भिंतीवर टांगायच्या चित्रापेक्षा या जातीच्या जास्त जवळचा आहे. तो सुंदर जरूर असावा, पण त्यात न झेपणारं वचन नको.

आता माप. इंग्लंड-अमेरिकेतल्या कार्यशाळांची जुनी रीत म्हणजे एका फुटाला एक इंच, म्हणजे १:१२. मेट्रिकमध्ये काम करणारे १:१० घेतात. उंच खिडकी आणि त्यात उभे संत असतील तर ते ठीकच. पण तुमच्याकडे प्रतीकं आहेत. खिडकीत ३० सेंटिमीटरचं गोल पदक, म्हणजे प्रतीक ज्यात बसतं ते वर्तुळ, बसवलंत, तर १:१० ला ते कागदावर ३ सेंटिमीटरचं होतं आणि कोकऱ्याचं डोकं हरभऱ्याएवढं. तेवढ्यात चूक लपते, आणि लपलेली चूक काचेत दहापट होऊन बाहेर येते. म्हणून १:५ घ्या. खिडकी ९ बाय ३६ सेंटिमीटर, पदक ६ सेंटिमीटरचं. ६ मिलिमीटरची शिशाची पट्टी या मापात १.२ मिलिमीटर होते. त्याच जाडीचं पेन घ्या. नवखे लोक शिशाची रेघ केसासारखी बारीक काढतात, कारण चित्र नाजूक दिसतं. खिडकी लागल्यावर तेच शिसं दुप्पट जाड वाटतं.

मापाबद्दल दोन गोष्टी लगेच सांगते. तीन ‘सारख्या’ खिडक्या कधीच सारख्या नसतात. तिन्ही स्वतः मोजा, प्रत्येक खिडकी वर, मध्ये आणि खाली. दुसरं, दगडातल्या किंवा लाकडातल्या खाचेत काचेची कड जाते, ती दिसत नाही. आराखडा दिसणाऱ्या मापाचा करा आणि खाचेतलं माप समासात वेगळं लिहा. नाहीतर तुम्ही हौसेने काढलेली बारीक लाल किनार अर्धी भिंतीत जाते.

१८० सेंटिमीटरची खिडकी एका तुकड्यात बसवत नाहीत. शिसं मऊ असतं, स्वतःच्या वजनाने फुगतं. ती पट्ट्यांत विभागतात, सांध्यांवर आडवे गज येतात आणि तांब्याच्या तारेने पट्टे त्यांना बांधतात. सरळ हिशेब केला तर ६०-६० चे तीन पट्टे. पण पदक डोळ्याला बरं वाटतं खिडकीच्या मध्याच्या वर, समजा खालून १२० वर. म्हणजे सांधा आणि गज नेमका कोकऱ्याच्या पोटातून! हे कागदावरच सोडवायचं असतं. सांधे ५०, १०० आणि १४० वर घ्या, चार पट्टे करा. १०५ ते १३५ मधलं पदक तिसऱ्या पट्ट्यात अख्खं बसतं. गज करड्या रंगात हलके दाखवा. समितीतलं कोणी त्याबद्दल विचारत नाही, पण काच बसवणारा पहिलं तेच बघतो.

रेषांकडे वळू. काच कशी तुटते हे एकदा समजलं की प्रतीकं काढायची तुमची पद्धतच बदलेल. कटरने चरा मारायचा आणि काच त्या चऱ्यावर उकलायची. सरळ रेघ, हलकी वळणं, बाहेर आलेले कोन, हे सगळं जमतं. आत गेलेला कोन जमत नाही. चीर कोनाशी वळत नाही, सरळ पुढे जाऊन तुकडा दुभंगते. आता साधा क्रूस घ्या. एका तुकड्यात कापायला गेलात तर त्याच्या चार काखा म्हणजे आत गेलेले चार काटकोन. म्हणून क्रूस निदान तीन तुकड्यांचा होतो, एक उभा दांडा आणि दोन भुजा. मध्ये चौकोन घेतला तर पाच. पार्श्वभूमीची गंमत उलटी आहे. भुजेच्या प्रत्येक टोकाला दोन कोपरे, म्हणजे एकूण आठ, आणि क्रुसाभोवतीच्या काचेच्या बाजूने पाहिलं तर ते आठही आत गेलेले. प्रत्येकापासून शिशाची एक रेघ कुठेतरी निघालीच पाहिजे. मोकळ्या निळ्या आकाशात एकटा तरंगणारा क्रूस काढाल, तर काचेत त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं होईल.

तोच क्रूस वर्तुळात घाला आणि भुजांची टोकं वर्तुळाला टेकवा. पार्श्वभूमीचे चारच तुकडे राहतात, चारही पंख्यासारखे, सगळे कोन बाहेरचे. एक फालतू रेघ नाही. काचेत वर्तुळातला क्रूस इतका रुळलाय, त्यात धर्मशास्त्राबरोबर कटरचाही हात आहे असं माझं मत.

हाच हिशेब कोकऱ्याला लावा. चार पायांवर उभा, एक पाय उचललेला, खांद्याशी पताका, हे पुनरुत्थानाचं चित्र. पायांच्या मधल्या फटी मात्र कारागिराचा जीव खातात. ३० सेंटिमीटरच्या पदकात त्या दोन-तीन सेंटिमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्या होतात आणि दोन्हीकडून शिसं येऊन त्यांना गिळतं. दुसरा प्रकार म्हणजे सात शिक्क्यांच्या ग्रंथावर बसलेला कोकरा; तो ग्रंथ बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या ५ व्या अध्यायातला. त्यात पाय पोटाखाली दुमडलेले, सगळं अंग एक भरीव आकार, खाली ग्रंथाचा आयत. लहान पदकाला मी नेहमी हा सुचवते. पण आधी समितीला विचारा. अर्थ वेगळे आहेत, आणि शिशाच्या सोयीसाठी अर्थ परस्पर बदलणं बरं नाही. ग्रंथ घेतलात तर शिक्के मोजा. सातच. बाकावर बसलेलं मूल ते मोजणार, याची खात्री बाळगा.

प्रतीकांच्या अचूकपणाबद्दल आणखी थोडं, कारण समितीसमोर घसरण होते ती इथेच. कोकऱ्यामागचं तेजोवलय क्रुसांकित हवं. नुसतं गोल वलय संतांचं, आत क्रूस असलेलं त्रैक्यातल्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) व्यक्तींचं. पताका पांढरी, तिच्यावर लाल क्रूस. कबुतर दोन प्रकारचं. चोचीत जैतुनाची डहाळी घेऊन येणारं नोहाचं, आणि डोकं खाली, पंख पसरून उतरणारं पवित्र आत्म्याचं, येशूच्या बाप्तिस्म्याच्या वर्णनातलं. दुसऱ्या प्रकाराला डहाळी देऊ नका. ‘रिकामी चोच बरी दिसत नाही’ म्हणून दिलेली मी पाहिली आहे. अल्फा-ओमेगा आतून वाचताना अल्फा डावीकडे. आराखडा नेहमी आतून दिसतो तसाच काढतात, आणि तसं समासात लिहून ठेवा. कारखान्यात कोणीतरी कागद उलटा धरतंच.

अक्षरांचाच विषय निघालाय म्हणून सांगते. ही दोन अक्षरं शिशाने काढायची असतील तर अल्फा सोपा: आतला त्रिकोण स्वतंत्र तुकडा, दोन पाय, एक आडवी पट्टी. मोठा ओमेगा मात्र फसवा. त्याच्या पोटातली काच म्हणजे वर फुगलेला आणि खाली अरुंद गळ्याचा फुगा. गळ्याशी एक रेघ द्यावीच लागते, आणि ती अक्षराचाच भाग वाटून ओमेगा बंद पडतो, शून्य दिसायला लागतो. त्यापेक्षा लहान लिपीतला गोलसर ओमेगा घ्या. नाहीतर अक्षरं रंगवून घ्या: काचेवर काळपट रंगाचा थर द्यायचा आणि भट्टीत जाण्याआधी काडीने अक्षर खरवडून काढायचं. उजेडाची अक्षरं अंधारात पसरतात, म्हणून ती वाटतात त्यापेक्षा बारीक काढा. उजेडावरची काळी अक्षरं उजेड खातो, ती जाड काढा. हे कागदावर दिसत नाही. कागदावर दोन्ही सारखीच वाचता येतात.

आता उजेड. कागदावर उजेड रंगातून जाऊन पांढऱ्यावर आपटून परत येतो. काचेत तो आरपार येतो. त्यामुळे कागदावरच्या सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जागेत जेवढं अंतर असतं, त्याच्या कितीतरी पट काचेत असतं. परिणाम चमत्कारिक होतो. तुमचं कबुतर घ्या. कागदाचा पांढरा राखलात, भोवती गर्द निळा, झकास दिसतं. तसंच साध्या पारदर्शक काचेत केलंत तर पक्षी दिसत नाही, भिंतीला पक्ष्याच्या आकाराचं भोक पडल्यासारखं वाटतं. डोळे दिपतात, पिसांवरच्या रेषा उजेडात बुडतात. कारागीर त्या काचेवर पातळ करडा थर देऊन उजेड दाबतो आणि मग पिसांच्या कडा काडीने मोकळ्या करतो. तुम्ही आराखड्यातच कबुतराला करडा-पिवळसर फिका हात द्या आणि निखळ पांढरा कागद दोन-तीन ठिकाणीच राखा: छातीची कड, पंखाचं टोक. चित्रात पक्षी जरा मळका वाटेल. वाटू दे. खिडकीत तो पांढरा दिसेल.

निळ्याची आणखी एक खोड आहे. लांबून पाहताना निळी काच आपल्या कडांबाहेर सांडते, शेजारचं शिसं आणि शेजारचा रंग दोन्ही खाते. १९ व्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या फ्रेंच वास्तुविशारदाने यावर विस्ताराने लिहिलंय आणि दुरून खिडकी बघणाऱ्या कोणालाही ते पटेल. लाल तसा सांडत नाही. जुनी माणिक-लाल काच तर साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवून करतात, कारण अख्खी लाल केली तर ती काळीच दिसते. ढगाळ दिवशी लाल विटेसारखा मरगळतो. म्हणून पताकेवरचा लाल क्रूस निळ्याला चिकटवू नका, मध्ये पांढऱ्याची पट्टी ठेवा; पताकेचं पांढरं कापड ते काम आपोआप करतं. कोणती खिडकी कोणत्या दिशेला आहे तेही आराखड्यावर लिहा. दिवसभर ऊन खाणाऱ्या आणि कधीच ऊन न लागणाऱ्या खिडकीसाठी एकाच निळ्याच्या दोन छटा निवडाव्या लागतात.

पिवळ्याची मात्र मजा आहे. १४ व्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपातले कारागीर चांदीचा संयुग काचेच्या पाठीवर लावून भट्टीत घालतात. ५५० ते ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास काच तेवढ्याच जागी पिवळी होते, लिंबापासून मधापर्यंत. म्हणजे एका पांढऱ्या तुकड्यात, मध्ये शिसं न घालता, पिवळं मिळतं. तुमच्या गव्हाला हेच हवं. कणसाचा एकेक दाणा वेगळा कापायचा विचारही नको. अख्खं कणीस एका लांबट पांढऱ्या तुकड्यात, पुढच्या बाजूला काळपट रंगाने दाणे आणि कुसळं, मागून चांदीचा पिवळा. आराखड्यात दाण्यांवर पिवळा अगदी नेमका भरू नका. थोडा रेषेबाहेर, थोडा आत. काचेवरही तो तसाच बसतो, आणि तीच त्याची शोभा.

द्राक्षांचं उलट. प्रत्येक द्राक्ष गोल कापून शिशात बसवलं की घोसाचा लोखंडी साखळदंड होतो. तीन-चार द्राक्षांचा एक तुकडा, आत रंगाने गोलाई, प्रत्येक तुकड्याचा जांभळा किंचित निराळा. जलरंगात हे तुम्हाला सहज जमेल: एका खणाचा (शिशाच्या रेषांमधल्या एका तुकड्याचा) रंग वाळेपर्यंत शेजारच्या खणाला हात लावू नका, आणि प्रत्येक खणात पाणी वेगळं ठेवा. नाहीतरी फुंकून केलेल्या काचेत एकाच तावाचे दोन तुकडे सारखे नसतात.

कागदावरच्या कृतीबद्दल तुम्हाला मी काय शिकवणार, पण काचेच्या बाजूने एवढं सांगते. गुळगुळीत पोताचा जाड कागद घ्या; खरबरीत कागदावर शिशाची रेघ फाटते. पारदर्शक रंगच वापरा, आणि पांढरा पोस्टर रंग डबीतच ठेवा. तो जिथे लागतो तिथे काच मरते. दोनांपेक्षा जास्त रंग मिसळू नका. ओल्यात ओलं करायचंच असेल तर एका खणाच्या आत करा, रेषेपलीकडे नाही. एकाच तावात रंगांच्या लहरी मिसळलेली काच असते, तिच्यात तसा रंग खरंच मिळतो. क्रम माझा असा: पेन्सिलीने शिसं, मग खणाखणाने रंग, सगळ्यात शेवटी पक्क्या शाईने शिशाची रेघ. शाई लावताना रंग आणि रेघ यांच्यात कुठे कुठे कागदाची बारीक फट सुटते, ती बुजवू नका. तिथूनच चित्र चमकतं.

आणि समितीला हवं असलेलं ‘काचेसारखं’? त्याला सोपी युक्ती आहे. काळ्या पुठ्ठ्यात खिडकीच्या आकाराचं भोक कापा आणि चित्र त्यामागे लावा. भोवती अंधार आला की डोळा मधल्या रंगांना उजेड समजतो. कार्यशाळा पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये १८५७ साली सुरू झालेल्या लॅम्ब स्टुडिओच्या अशा आराखड्यांचा मोठा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, ऑनलाइन पाहता येतो. त्यातले चॅपेलसाठीचे नुसत्या प्रतीकांचे आराखडे शोधा. तळहाताएवढ्या कागदावर शिसं, पट्ट्यांचे सांधे आणि रंग एकत्र कसे राहतात ते माझ्या लिहिण्यापेक्षा तिथे लवकर कळेल. जमिनीवर पडलेले रंगीत कवडसे मात्र काढू नका. ते वचन सूर्याच्या नावावर तुम्ही देताय.

पदकाबाहेरची नव्वद टक्के खिडकी, तिचं काय? तिथे लोक घाईने फिका रंग फासतात. प्रतीक उठतं किंवा पडतं ते तिथेच. माझा कल साध्या चौकटी काचांकडे, चार-पाच फिक्या छटांत, कडेला एक अरुंद रंगीत किनार. १२ व्या शतकातल्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती संघाच्या साधूंच्या नियमात तर खिडक्या बिनरंगी असाव्यात, त्यांत क्रूस आणि चित्रं नसावीत असंच होतं, क्रूससुद्धा नको! इतकं कडक नको, पण त्यांच्या त्या जाळीदार खिडक्यांत किती शांत उजेड असतो ते पाहून मग पार्श्वभूमीवर वेलबुट्टी काढायची की नाही ते ठरवा.

कोणीतरी हमखास म्हणेल, रेघांनी चित्र बिघडतं. त्यांना इंग्लंडमध्ये केंटमधल्या ट्युडली गावच्या चर्चच्या खिडक्या दाखवा. चित्रकार मार्क शागालच्या बारा खिडक्या, पहिली १९६७ ची, शेवटची १९८५ ची. त्या काचेत उतरवणारे शार्ल मार्क दुहेरी थराच्या काचेचा वरचा थर आम्लाने कमी-जास्त खात, म्हणून एकाच तुकड्यात गडद ते फिका रंग मिळतो आणि शिसं चित्रकाराच्या रेषेसारखं मोकळं फिरतं. हे आम्लाचं काम जाणत्याशिवाय कोणी करू नये. फ्रान्समधल्या व्हान्सच्या चॅपेलमध्ये चित्रकार मातीसने जलरंग घेतलाच नाही. रंगवलेले कागद कापले आणि पिवळा, हिरवा, निळा एवढ्यावर भागवलं. त्यातला पिवळा धूसर काचेचा, बाकी दोन आरपार दिसणारे. तुमच्या तीन खिडक्यांतही पाच-सहापेक्षा जास्त रंग नसावेत असं मला वाटतं.

रंग एकट्याने ठरवू नका. १९ व्या शतकातला इंग्रज चित्रकार बर्न-जोन्स विल्यम मॉरिसच्या कंपनीला बहुधा बिनरंगी कार्टून, म्हणजे खिडकीच्या पूर्ण मापाचं रेखाचित्र, देत असे. रंग आणि शिसं मॉरिसकडे ठरे. तुम्ही आराखडा रंगवण्याआधी काच करणाऱ्याकडे जा, काचेचे नमुने खिडकीशी धरून पाहा आणि प्रत्येक खणाला नमुन्याचा क्रमांक द्या. समितीच्या बैठकीला जलरंगाबरोबर ते पाच-सहा तुकडे घेऊन जा आणि चॅपेलच्याच खिडकीशी धरा. सही घ्याल ती कागदावर, पण ‘रंग काचेच्या नमुन्याप्रमाणे’ असं त्याखाली लिहून. याने माझे निदान तीन वाद टळले आहेत.

मंजुरीनंतर पूर्ण मापाचं कार्टून लागेल. चित्राचा फोटो काढून प्रोजेक्टरवर मोठा करायचा मोह होतो. मापासाठी करा, रेषेसाठी नको. ६ सेंटिमीटरवर डौलदार वाटलेली कोकऱ्याची पाठ ३० वर ढिली पडते. मोठ्या कागदावर, उभं राहून, खांद्यातून हात फिरवत पुन्हा काढा.

शेवटचा प्रश्न, मूळ चित्राचं काय. ते स्वतःकडे ठेवा आणि समितीला चांगली छापील प्रत द्या. माझ्या एका जुन्या खिडकीचा तुकडा फुटला म्हणून बऱ्याच वर्षांनी मला बोलावलं. मूळ जलरंग त्यांनी फ्रेम करून उन्हाच्या खिडकीसमोर लावला होता. गुलाबी गेलेला, द्राक्षं राखाडी. संग्रहालयं असे कागद अगदी मंद, ५० लक्सच्या आसपासच्या उजेडात ठेवतात, तेही थोड्या काळासाठी. इथे रोज ऊन. तिथले एक वयस्क गृहस्थ फ्रेमकडे बोट दाखवून म्हणाले, नवा तुकडा या चित्रासारखा करा, आताचा फार भडक वाटतो. मी फ्रेम उघडली. चित्राच्या मागे माझ्याच पेन्सिलीने नमुन्यांचे क्रमांक लिहिलेले होते, ते मात्र स्वच्छ वाचता येत होते. त्यावरून काच मागवली.